इंग्लंडात आलात ना, मग आजारी पडायच्या आधी जीपीकडे केसपेपर काढून ठेवा

आम्ही रेडिंगला आलो त्या पहिल्याच आठवड्यात मी आईला फोनवर सहज म्हटलं की उद्या सर्जरीत जायचंय, तर पलीकडे एकदम शांत, आणि मग सुरूच झाली, अगं कसली सर्जरी, कधीपासून दुखतंय, आधी का नाही सांगितलंस. इथे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यालाच सर्जरी म्हणतात हे तिच्या गळी उतरवायला दहा मिनिटं गेली. तर नव्याने आलेल्यांनो, सर्जरी म्हणजे दवाखाना, आणि जीपी म्हणजे तिथला डॉक्टर, जनरल प्रॅक्टिशनर. आपल्याकडे महापालिकेच्या दवाखान्यात आधी केसपेपर काढतात तसंच हे, फक्त इथे एकदाच काढायचा आणि आजारी नसताना काढायचा.

आजारी नसताना का, तर इथे सगळं या एका दारातून जातं. पुण्यात गुडघा दुखला की आपण थेट हाडाच्या डॉक्टरकडे, अंगावर चट्टा आला की स्किनवाल्याकडे, कोणी विचारत नाही कोणी पाठवलं म्हणून. इथे एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बहुतेक स्पेशालिस्टकडे जीपीच पाठवतो. आणि ताप अंगात असताना, नवीन घरात हीटर कसा लावायचा तेही कळत नसताना, फॉर्म भरत बसणं काय असतं ते मी केलंय, तुम्ही करू नका.

शिवाय पैसे तुम्ही आधीच भरलेत. व्हिसाच्या वेळी इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज म्हणून मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड कापले गेले असतील, विद्यार्थ्यांना आणि १८ वर्षांखालच्या मुलांना ७७६, म्हणजे तीन वर्षांच्या व्हिसावर आलेलं नवरा-बायको असं जोडपं असेल तर ६,२१० पौंड विमानात बसायच्या आधीच गेले. (हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर आलेल्यांना हा सरचार्ज नाही, पण सोय तीच.) एवढे भरून परत खोकल्यासाठी भारतातून गोळ्या मागवत बसायचं याला काय अर्थ आहे.

मी जे सांगतेय ते इंग्लंडचं. स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंडची व्यवस्था त्यांची त्यांची आहे, फॉर्म वेगळे, आणि हो, तिकडे प्रिस्क्रिप्शनला पैसे पडत नाहीत, आपल्याला पडतात, त्यावर पुढे येतेच.

पहिली पायरी, दवाखाना शोधणं

एनएचएसच्या वेबसाइटवर जाऊन फाइंड अ जीपी मध्ये तुमचा पोस्टकोड टाका, जवळचे दवाखाने अंतरासकट येतात. प्रत्येक सर्जरीची एक हद्द ठरलेली असते, कॅचमेंट एरिया म्हणतात, त्यात तुमचं घर बसतं का ते बघा. हद्दीबाहेरच्यांनाही काही जण घेतात पण मग डॉक्टर घरी येऊन बघतीलच असं नाही. नवीन पेशंट घेताहेत की नाही तेही तिथेच कळतं.

निवडताना लोक स्टार बघतात, मी म्हणेन स्टार सोडा. दवाखान्यावर चिडलेला माणूसच रिव्ह्यू लिहितो, बरा झालेला कशाला लिहील. त्यापेक्षा सीक्यूसी म्हणून तपासणी करणारी संस्था आहे तिचा शेरा बघा, आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट आणि इनअॅडिक्वेट असे चार प्रकार असतात, बहुतेक ठिकाणी गुड असतंच. आणि शेजारच्यांना एकच प्रश्न विचारा, अपॉइंटमेंट मिळते का. हातगुण वगैरे नंतर, आधी डॉक्टर दिसला पाहिजे. चालत जाता येईल असा घ्या, जानेवारीत तापलेलं पोर घेऊन दोन बस बदलायची वेळ आली की कळतं.

एकाच घरातल्या सगळ्यांनी एकाच सर्जरीत नाव घातलं पाहिजे असा नियम नाही, पण घाला, सोपं जातं. नाव मात्र प्रत्येकाचं वेगळं घालायचं, बाळाचंसुद्धा. नवऱ्याचं नाव आहे म्हणजे आपलं आपोआप आलं असं नसतं, हे रेशनकार्ड नव्हे.

दुसरी पायरी, फॉर्म, आणि इथे जरा सावकाश वाचा

बहुतेक सर्जऱ्यांच्या वेबसाइटवर रजिस्टर विथ अ जीपी सर्जरी अशी एनएचएसची ऑनलाइन लिंक असते, घरी बसून पंधरा-वीस मिनिटांत होतं. ते जमत नसेल तर सर्जरीत जाऊन कागदी फॉर्म मागा, तो द्यावाच लागतो. जुने लोक जीएमएस वन म्हणतील, तोच तो. फी काही नाही. कोणी वेबसाइट पैसे मागत असेल तर ती एनएचएसची नाही, बंद करा.

नावाचा घोळ सगळ्यात आधी निस्तरा. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात आपलं नाव आणि मागोमाग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि आडनाव वेगळं. फॉर्म भरताना कोणी फक्त स्वतःचं नाव लिहितं, कोणी मधलं टाकतं, कोणी लग्नाआधीचं आडनाव देतं कारण डिग्रीवर तेच आहे. असं करू नका. पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षर न अक्षर तसंच उतरवा. नंतर एनएचएस अॅपमध्ये ओळख पटवताना पासपोर्टचा फोटो काढावा लागतो, तेव्हा दवाखान्यातलं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळलं नाही की अडकायला होतं. माझं मधलं नाव एकीकडे होतं आणि एकीकडे नव्हतं, ते सरळ करायला दोन चकरा आणि एक ईमेल लागली, आणि सर्जरीच्या काउंटरवरच्या पोरीने मला तीनदा विचारलं की हे पुरुषाचं नाव तुमच्या नावात का आहे. काय सांगणार.

एनएचएस नंबर विचारतील, तो दहा आकडी असतो, तुम्ही नवीन आलात तर तुमच्याकडे नसणारच, रकाना सोडून द्या, नाव घातल्यावर ते देतात. आधीचा जीपी कोण तेही सोडा, इथला कोणी नव्हताच. पण युकेत राहायला कधी आलात ती तारीख आणि जन्मगाव व देश विचारतात तेव्हा ते नीट भरा.

मग औषधं. इथे आपले लोक हमखास चुकतात. तुम्ही टेल्मा एएम लिहिलंत किंवा ग्लायकोमेट जीपी लिहिलंत तर इथल्या डॉक्टरला काही कळायचं नाही, ही आपली ब्रँडची नावं. (शिवाय त्या ग्लायकोमेट जीपीमधला जीपी म्हणजे डॉक्टर नव्हे, ते ग्लिमेपिराइडचं.) स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात ते लिहा, म्हणजे टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५, असं. थायरोनॉर्म म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, त्याचे मायक्रोग्रॅम लिहा. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, ते लिहायची गरज नाही, ते सुपरमार्केटात साबणाशेजारी मिळतं. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं कोंबलेली असतात तशी जोडगोळी इथे मिळेलच असं नाही, मग दोन वेगळ्या गोळ्या देतात, घाबरू नका, औषध तेच असतं. भारतातून निघताना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरची इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी आणा, शेवटची स्ट्रिप उरल्यावर नाव घालायला धावू नका.

ॲलर्जी असेल तर ठळक लिहा. पेनिसिलिनने अंगावर उठतं वगैरे लहानपणी आईने सांगितलेलं असतं, आईला विचारून घ्या.

दारूचा प्रश्न येतो आणि आपण काय लिहितो, कधीतरी. इथे कधीतरी चालत नाही, आठवड्याला किती युनिट ते विचारतात. साध्या चार टक्क्यांच्या बिअरचा एक पाइंट म्हणजे साधारण २.३ युनिट, आणि आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका असा इथला सल्ला आहे. खरं लिहा, हे सासूबाई वाचणार नाहीयेत. तंबाखू खात असाल तर तेही सांगा, फॉर्मवर बहुतेक फक्त सिगरेटचं विचारतात आणि आपल्यातल्या मिश्रीवाल्या मावश्या निवांत नाही वर टिक करतात.

वांशिकता, उंची, वजन, जवळचा माणूस कोण, हे पटापट होतं. औषधांचं दुकान कुठलं ते विचारतील तेव्हा घराजवळचं सांगा, मग डॉक्टरने लिहिलेलं औषध कागदाशिवाय थेट त्या दुकानात जातं.

आणि आता कागदपत्रं, ज्यावरून सगळे रडतात

हे नीट लक्षात ठेवा. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र, व्हिसाचे कागद किंवा एनएचएस नंबर असलाच पाहिजे अशी अट नाही. एनएचएसच्या वेबसाइटवर हे स्वच्छ लिहिलंय. सर्जरी मागू शकते, असेल तर देऊन टाका, त्यांचं काम सोपं होतं, पण नाही म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही.

तरी पाठवतात. मला पाठवलं. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, लाइट बिल घरमालकाच्या नावावर, बँकेचं खातं अजून उघडलं नव्हतं कारण बँकेला पत्त्याचा पुरावा हवा होता, आणि काउंटरवरची बाई गोड हसून म्हणते की पत्त्याचं काहीतरी घेऊन या डार्लिंग. मी दोन वेळा बिचारी परत आले, तिसऱ्या वेळी शेजारच्या एका काकूंनी सांगितलं की वेबसाइटचं ते पान मोबाईलवर उघड आणि शांतपणे दाखव, भांडू नको. दाखवलं. ती आत गेली, कोणाला तरी विचारून आली, आणि फॉर्म घेतला. एवढंच. तिला दोष देत नाही, तिला कोणी सांगितलंच नसेल.

तर तुम्हीही तेच करा, आणि तोंडी नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. नाव घ्यायचं नसेल तर त्यांनी १४ दिवसांत लेखी कारण द्यायचं असतं, आणि कारणही धड हवं, यादी बंद आहे किंवा तुम्ही हद्दीबाहेर राहता असं काही. लेखी मागितलं की अर्ध्या अडचणी जागच्या जागी विरघळतात, हे आपल्या तहसील कचेरीत शिकलेलं इथेही चालतं. आणि तब्येत खरंच तातडीची असेल तर नाव नसतानाही जीपी बघू शकतो, तेव्हा कागदासाठी थांबू नका.

इंग्रजी बोलायला अडखळत असाल, किंवा घरातल्या कोणाला येत नसेल, तर फॉर्मवर तसं लिहा आणि दुभाषा मागा, त्याचे पैसे लागत नाहीत. मराठी असं स्पष्ट सांगा, इंडियन म्हटलं की हिंदी किंवा पंजाबीचा माणूस फोनवर येतो.

नाव घातल्यावर

मेसेज किंवा पत्र येतं, आमचं दहा-बारा दिवसांनी आलं. मग एनएचएस अॅप घ्या, त्यात अपॉइंटमेंट, रिपोर्ट, नेहमीच्या गोळ्यांची ऑर्डर सगळं येतं. काही ठिकाणी नवीन पेशंटची तपासणी करतात, नर्स बीपी, वजन बघते. मुलांचं लसीकरणाचं कार्ड भारतातून आणलंत ना, त्याची झेरॉक्स द्या, इथल्या वेळापत्रकाशी ताडून काय राहिलंय ते नर्स सांगते. पाच वर्षांखालचं मूल असेल तर हेल्थ व्हिजिटरबद्दलही विचारा, म्हणजे लहान मुलांची वाढ बघणारी नर्स. पंचविशीपुढच्या बायकांना गर्भाशयमुखाच्या तपासणीचं पत्र येतं, काही झालंय म्हणून येत नाही, सगळ्यांना येतं, जाऊन या. आणि दिवस गेले असतील तर जीपीच्या अपॉइंटमेंटची वाट बघायचीही गरज नाही, मिडवाइफकडे स्वतःच ऑनलाइन नाव नोंदवता येतं.

अपॉइंटमेंटचं म्हणाल तर सकाळी ८ ला फोन लावायचा, तुम्ही रांगेत सतराव्या क्रमांकावर आहात असं ऐकत चहा करायचा, हे वर्षानुवर्षं चाललंय. पण ऑक्टोबर २०२५ पासून सर्जऱ्यांनी सकाळी ८ ते संध्याकाळी ६.३० ऑनलाइन विनंती चालू ठेवायची असा नियम झालाय, त्यामुळे तातडीचं नसेल तर फॉर्मवर लिहून टाका. रिसेप्शनवाली विचारेल काय होतंय, आपल्याला वाटतं हिला कशाला सांगू, ही काय डॉक्टर आहे, पण ती चौकशी भोचकपणा नसतो, डॉक्टरकडे पाठवायचं, नर्सकडे की फार्मासिस्टकडे ते ती ठरवते. खाजगी असेल तर खाजगी आहे म्हणा, ती पुढे विचारत नाही.

डॉक्टरसमोर साधारण दहा मिनिटं असतात. त्यामुळे मुख्य दुखणं आधी सांगा. आपण कसे, आधी झोप लागत नाही, मग थोडं अॅसिडिटीचं, आणि उठता उठता दारात जाऊन म्हणतो की डॉक्टर छातीत पण दुखतं कधी कधी. आणि इंजेक्शन देऊन टाका म्हणू नका, सर्दीतापाला इथे इंजेक्शनही देत नाहीत आणि अँटिबायोटिकही सहज लिहीत नाहीत, पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या, आठवड्याने बघू. सुरुवातीला फार राग येतो, वाटतं एवढ्यासाठी आलो का. आता मला सवय झालीय, खरं सांगायचं तर बरं वाटायला वेळ तेवढाच लागतो.

साध्या गोष्टींना जीपी लागतही नाही. जानेवारी २०२४ पासून फार्मसी फर्स्ट म्हणून योजना आहे, त्यात घसा, सायनस, मुलांचं कानदुखणं, किडा चावून चिघळणं, नागीण, इम्पेटिगो म्हणजे त्या पिवळ्या खपल्यांच्या फोडांचा संसर्ग, आणि बायकांचं साधं लघवीचं इन्फेक्शन, या सात गोष्टींवर दुकानातला फार्मासिस्टच बघून गरज असेल तर अँटिबायोटिकसुद्धा देतो. वयाच्या अटी आहेत, विचारून घ्या. रात्री-अपरात्री काय करावं कळेना तर १११ ला फोन, जिवावरचं असेल तर ९९९ ला. ऑफिसला आजारपणाची चिठ्ठी पहिल्या सात दिवसांसाठी लागत नाही, स्वतःच लिहून द्यायचं, त्यासाठी डॉक्टरकडे जाऊ नका, देणार नाहीत.

दात आणि डोळे यात नाहीत. डेंटिस्ट वेगळा शोधावा लागतो आणि एनएचएसवर नवीन पेशंट घेणारा डेंटिस्ट मिळणं म्हणजे दिवाळीत पुण्याचं रेल्वे तिकीट मिळण्यासारखं आहे. रूट कॅनल भारतातून करून या.

औषधांचे पैसे, शेवटचं पण महत्त्वाचं

डॉक्टर फुकट, औषध नाही. इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवरच्या प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात, तीन औषधं असतील तर त्याची तिप्पट. १६ खालच्यांना आणि साठीपुढच्यांना माफ, गरोदर बाईला आणि बाळंतपणानंतर वर्षभर माफ (त्याचं सर्टिफिकेट मिडवाइफकडून घ्यायचं).

पण हे फारच थोड्यांना माहीत असतं की थायरॉइड कमी असून रोज गोळी चालू असेल, किंवा मधुमेहाला औषध चालू असेल, तर तुम्हाला सगळीच प्रिस्क्रिप्शन माफ आहेत, नुसती त्या आजाराची नव्हे, घशाचीसुद्धा. आपल्यात या दोन गोष्टी घरटी एक असतात आणि लोक वर्षानुवर्षं पैसे भरत बसतात. सर्जरीत एफपी ९२ ए फॉर्म मागा, डॉक्टरची सही होते, कार्ड येतं, पाच वर्षं चालतं. कार्ड यायच्या आधी मात्र माफ आहे म्हणून सही ठोकू नका, नंतर तपासणीत सापडलं तर दंड होतो, १०० पौंडांपर्यंत. माफी नसेल आणि दर महिन्याला दोन औषधं घेत असाल तर वर्षाचा पास ११४.५० पौंडांना मिळतो, दर महिन्याच्या दोन औषधांचे वर्षाचे २३७.६० पौंड होतात, तेव्हा हिशोब तुम्हीच करा.

आईबाबा किंवा सासूसासरे सहा महिन्यांसाठी आले तर

जीपीला भेटणं त्यांनाही फुकट आहे, व्हिजिटर व्हिसा असला तरी. तीन महिन्यांपेक्षा कमी राहणार असतील तर टेम्पररी पेशंट म्हणून फॉर्म भरायचा, जास्त असेल तर साधंच नाव घालता येतं. पण हॉस्पिटलचं वेगळं आहे. अपघात विभागात बघणं फुकट, अॅडमिट केलं की बिल सुरू, आणि बाहेरच्यांना एनएचएसच्या दराच्या दीडपट आकारतात. म्हणून त्यांचा प्रवास विमा आधीचे आजार धरून काढा, बीपीशुगर लपवून स्वस्तातला काढू नका, क्लेमच्या वेळी तेच बाहेर येतं. माझ्या सासूबाईंना इथे आल्यावर चक्कर आली होती, जीपीने बघितलं, बीपीची गोळी प्रवासात दोन दिवस चुकली होती एवढंच निघालं, पण त्या दोन तासांत मी विम्याची ती पीडीएफ चार वेळा वाचली.

घर बदललंत तर नव्या भागातल्या सर्जरीत परत फॉर्म भरा, जुन्यांना जाऊन सांगायची गरज नाही, फाइल आपोआप इकडे येते. फक्त बदलायच्या आधी नेहमीच्या गोळ्या महिनाभराच्या मागवून ठेवा, मधल्या काळात दोन्हीकडचे एकमेकांकडे बोट दाखवतात.